उतार आहे का?

बोलायच्या आधी ते उजवा हात पुढे करत. तळहात सपाट, बोटं जुळलेली. मग तो तळहात सावकाश एका अंगाला कलता करत आणि डोळे बारीक करून विचारत, “आपली जमीन अशी आहे, की अशी?”

समोरच्याने यावर काय बोलावं? गणपतीची वर्गणी मागायला आलेल्या पोरांना त्यांनी हे विचारलं होतं. गॅसचा मीटर वाचायला आलेल्या माणसालाही विचारलं होतं. तो बिचारा मीटरकडे नीट निरखून बघत म्हणाला, “काका, मीटर तर सरळच आहे.”

त्यांचं नाव मी सांगत नाही. त्यांना ते आवडणार नाही आणि तुमचंही काही अडणार नाही. तुमच्या सोसायटीत असे एक काका असतीलच. नसतील तर तुमची सोसायटी अजून नवीन आहे.

आमची सोसायटी खारघरला, डोंगराच्या अगदी पायथ्याशी. मागच्या बाजूला जमीन जी चढायला लागते ती थेट झाडीत शिरते. त्या चढावर काही बांधता येईना, म्हणून बिल्डरने तिथे गवत लावलं, त्याला ‘हिल लॉन’ असं नाव दिलं आणि ते आमच्या गळ्यात मारलं. पहिल्या वर्षी आम्ही त्यावर फोटो काढले. दुसऱ्या वर्षी कळलं, की गवत वाढतं.

मी त्या सोसायटीची सेक्रेटरी. ज्या सभेला मी गेले नव्हते, त्याच सभेत मला एकमताने निवडून दिलं गेलं. काका बागेचं बघत. तळमजल्यावर, मागच्या अंगाला त्यांचं घर होतं, त्यामुळे खिडकी उघडली की समोर तो उतारच. नोकरी सगळी तुर्भ्याच्या एका कारखान्यात, खरेदी विभागात गेलेली. स्क्रूपासून क्रेनपर्यंत कारखान्याची प्रत्येक वस्तू त्यांच्या हातून आली, आणि त्यांच्या सांगण्यानुसार त्यांनी आयुष्यात एकही वस्तू स्वतः पसंत केली नाही. तीन ठिकाणची कोटेशनं मागवायची, समोरासमोर मांडायची, तक्ता करायचा आणि वर पाठवायचा.

“आपण तुलना करायची,” ते म्हणत. “ठरवणार वरचे.”

निवृत्त झाल्यावर उरले ते घरचे वरचे, म्हणजे काकू. त्या वाईकडच्या. ठसठशीत कुंकू, तसंच बोलणं. दुधाची पिशवी कुठली घ्यायची इथपासून जावई कुठला करायचा इथपर्यंत सगळं त्यांनीच ठरवलेलं. एकदा मी काकांना कसलासा सल्ला विचारायला गेले, तर आतून आवाज आला, “अगं, ह्यांना काय विचारतीस? ह्यांच्याकडनं उत्तर न्हाई मिळायचं, तक्ता मिळंल.” काका हसले. ते तक्ताच करत बसले होते.

ट्रॅक्टरचं प्रकरण सुरू झालं ते आमच्या तानाजीमुळे. तानाजी माळी साताऱ्याचा. पाठीवर मशीन अडकवून गवत कापताना त्याचा पाय उतारावरून घसरला, आणि पुढे कितीतरी दिवस तो पायाला प्लास्टर घालून वॉचमनच्या खुर्चीत बसून राहिला. सभेत ठरलं, की माणूस असा पणाला लावायचा नाही; बसून चालवायचा, गवत कापायचा लहान ट्रॅक्टर आणायचा. तानाजी प्लास्टरसकट सभेला आला होता. “म्या गावाकडं ट्रॅक्टर चालवलाय,” तो म्हणाला. “ह्यो तर काय, त्याचं पोरगंच म्हनायचं.” निवड करायचं काम अर्थातच काकांकडे गेलं.

त्याच सुमाराला काकूंच्या पोटात गाठ निघाली.

त्यांचं हृदय आधीपासून अशक्त होतं. डॉक्टरांनी सांगितलं, की ऑपरेशन केलं तर हृदय साथ देईलच असं नाही, आणि नाही केलं तर दुखणं कधी हाताबाहेर जाईल सांगता येत नाही. दिवाळीपर्यंत विचार करा आणि काय ते कळवा. काका दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले, मग तिसऱ्या. तिघांनी तेच सांगितलं, तीन वेगवेगळ्या खुर्च्यांत बसून. काकांनी घरी येऊन सगळं काकूंच्या पुढे मांडलं आणि वाट बघत बसले. बेचाळीस वर्षं हीच तर पद्धत होती.

मी तेव्हा तिथे होते, भाजीचा डबा द्यायला गेलेली. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “जल्मभर मीच ठरवलं. हे तेवढं तुमी ठरवा.”

“मी?” काका म्हणाले.

“मग काय शेजारचे?”

काकांचा तळहात पुढे आला, हवेत थांबला आणि तसाच खाली गेला. मला तिथून उठावंसं वाटलं आणि उठताही येईना.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या दारात उभे. हातात ट्रॅक्टरची माहितीपत्रकं. “सेक्रेटरीबाई,” ते म्हणाले, “आधी हे ठरवून बघतो. हे जमलं, तर ते जमेल.” आता यावर हसावं की रडावं? मी त्यांना चहा दिला.

मग त्यांनी असा काही अभ्यास मांडला, की बोलायची सोय राहिली नाही. मोबाईलवर परदेशातल्या म्हाताऱ्यांचे व्हिडिओ. हिरवेगार उतार, त्यावर टोपी घालून ट्रॅक्टर चालवणारे म्हातारे. काकांना इंग्रजीतलं निम्मं कळत नसे, पण चाकं कळत. उतारावर उभं कापायचं, वरून खाली आणि खालून वर; आडवं गेलं की उलटायची भीती. ओल्या गवतात जायचंच नाही. आमचे चेअरमन मात्र एका जागच्या जागी गरकन वळणाऱ्या मशीनवर लट्टू झाले होते. “काका, टेन्शन काय को? एकदम रेसिंग कार दिसते.” काकांनी तळहात कलता केला. “सपाटीवर रेसिंग कार. आपल्याकडे ती थेट तुमच्या पार्किंगमध्ये येईल.”

ते दिवसभर उतारातच असत. आणि बाकी सगळे त्यांना काकूंबद्दल विचारत. एकदा ते माझ्याकडे येऊन खाली परत निघाले, तेव्हा लिफ्टमध्ये मी हळूच विचारलं, “काका, काही उतार आहे का?”

“आहे ना,” ते म्हणाले. “वरच्या अंगाला ठीक आहे, पण सीताफळाच्या खाली फार आहे.”

लिफ्ट थांबली तेव्हा दोघांनाही एकदमच उमगलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काका मात्र हसायला लागले. पार्किंगमध्ये कठड्याला धरून, डोळे पुसत हसले, आणि तस्से घरात जाऊन त्यांनी काकूंना सांगितलं. खिडकीतून काकूंचंही हसणं ऐकू आलं. त्यानंतर आमच्यात तो परवलीचा शब्दच झाला. मी विचारायचे, “उतार आहे का?” आणि ते विचारायचे, “कुठला? आतला की बाहेरचा?”

सीताफळाचं सांगायला हवं. काकूंनी माहेरून आणलेल्या बीचं ते रोप, उताराच्या मध्यावर लावलेलं. गुडघ्याच्या वर आलं होतं. पण तानाजी पडल्यापासून गवत कापलंच गेलं नव्हतं, ते कमरेला लागलं आणि रोप त्यात बुडालं. काकूंचा पलंग खिडकीशी. “गवत तेवढं कापा ओ,” त्या म्हणायच्या. “माझं सीताफळ दिसंना झालंय.” तानाजी लंगडत म्हणाला, “काकू, म्या विळ्यानं कापून देतो की.” काका कडाडले, “पुन्हा पाय मोडून घेतोस का? ट्रॅक्टर येतोय.” ट्रॅक्टर येतच होता. ऑपरेशनचंही ठरतच होतं. गवत तेवढं वाढत होतं.

शेवटी मीच त्यांना रिक्षात घालून तुर्भ्याला नेलं. दुकानात गुळगुळीत फरशीवर मशीन ओळीने उभी. सेल्समन तरुण आणि उत्साही. “सर, ही मशीन फुटबॉलच्या ग्राउंडवर जाते.”

“फुटबॉलचं ग्राउंड डोंगरावर नसतं,” काका म्हणाले. “मला उतारावर चालवून दाखवा.”

“सर, इथे उतार कुठून आणू?”

काकांनी मग फरशीवरच प्रत्येक ट्रॅक्टरवर बसून पाहिलं. डाव्या अंगाला झुकले, उजव्या अंगाला झुकले. पांढरे केस, इस्त्रीचा शर्ट, आणि न हलणाऱ्या ट्रॅक्टरवर डुलणारा माणूस. दोन-चार गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली. खाली उतरून ते माझ्या कानाशी आले. दोनच उरले होते. एक ताकदीचा, पण उंच. दुसरा बसका, रुंद चाकांचा, पण इंजिन बेताचं.

“जो चढेल तो उलटेल,” ते म्हणाले. “जो उलटणार नाही, तो चढेलच असं नाही. तुम्हीच सांगा, कुठला?”

मला त्यातलं काय कळणार? आणि ते नुसतं ट्रॅक्टरचं विचारत नव्हते, हे न कळण्याइतकी मी भोळी नव्हते. मी म्हटलं, “काका, काकूंनी तुम्हाला ठरवायला सांगितलंय.”

“ते दुसरं,” ते म्हणाले. मग बराच वेळ चष्मा पुसत राहिले. सेल्समनने दोनदा पाणी आणून दिलं. शेवटी त्यांनी बसक्या ट्रॅक्टरच्या सीटवर हात ठेवला. “हा. हळू जाईल. नाही चढला, तर नाही चढला. पण कुणाला घेऊन उलटणार नाही.” आणि लगेच, कुणी परत विचारेल या भीतीने, ते दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले.

ट्रॅक्टर दसऱ्याला आला. पूजा खाली पार्किंगमध्ये झाली असती तर पुढचं काही घडलं नसतं. पण चेअरमन म्हणाले, “फोटोत डोंगर पाहिजे यार.” म्हणून तानाजीने ट्रॅक्टर उतारावर अर्ध्यापर्यंत नेला. तो चढला. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनीच तो पाठीवर घेऊन वर नेला होता. मग त्यांनी स्वतःच्या हाताने मागच्या चाकांखाली विटा लावल्या. “नुसत्या ब्रेकवर भरवसा नको,” त्यांनी सगळ्यांना बजावलं. हार झाला, हळदकुंकू झालं, आपट्याची पानं झाली, नारळ फुटला. आम्ही सगळे हात जोडून उभे.

तेवढ्यात खालून, खिडकीतून, काकूंचा आवाज आला. तब्येत ढासळली होती, पण आवाज वाईचाच. “अवो, लिंबं ठेवली का चाकाखाली?”

लिंबं राहिली होती. काका लगबगीने पुढे झाले. इतके महिने ज्या माणसाने उताराशिवाय दुसरा विषय काढला नव्हता, त्याने वाकून दोन्ही विटा काढल्या, बाजूला नीट रचून ठेवल्या, आणि त्यांच्या जागी दोन लिंबं ठेवली.

लिंबं फुटली. ट्रॅक्टर निघाला.

आधी अगदी सावकाश, मांडवातून नवरदेव निघावा तसा, गळ्यात झेंडूचा हार घालून. चेअरमन ट्रॅक्टरला म्हणाले, “अरे, थांब!” तानाजी धावला, पण त्याचा तो पाय. तानाजी आजही शपथेवर सांगतो की ब्रेक लावला होता. आम्ही हात जोडलेले होते ते तसेच राहिले. ट्रॅक्टर मागच्या मागे, सरळ रेषेत, गवत दाबत खाली गेला आणि तानाजीच्या खतखड्ड्यात मागची चाकं रुतवून थांबला. हार जागेवर होता. वाटेत माणूस नव्हतं, ही देवाची कृपा.

काका हातात उरलेलं एक लिंबू धरून उभे होते. चेहरा पांढराफटक. मला वाटलं, संपलं. आता हा माणूस जन्मात कसली निवड करणार नाही.

खिडकीत काकू हसत होत्या. इतक्या हसत होत्या, की त्यांची लेक घाबरून त्यांना धरायला गेली. मग दम लागून थांबल्या आणि ओरडल्या, “अवो! पळाला, पण उलटला न्हाई हां तुमचा ट्रॅक्टर!”

काकांनी खाली पाहिलं. खरंच उलटला नव्हता. “उलटला नाही,” ते मला म्हणाले. मग चेअरमनना म्हणाले. मग तानाजीला. चेहऱ्यावर हळूहळू रंग आला. आणि गवतात ट्रॅक्टरने पाडलेल्या त्या दाबलेल्या वाटेच्या कडेला, वीतभर अंतरावर, सीताफळाचं रोप उघडं पडलं होतं. “दिसलं गं बाई,” काकू म्हणाल्या.

त्यानंतर चार-सहा दिवसांनी आम्ही हॉस्पिटलमध्ये गेलो. काकूंना बाहेर बाकावर बसवलं होतं. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने विचारलं, “काका, मग काय ठरवलंत?”

काकांचा हात पुढे आला. तळहात सपाट. तो कलायला लागला आणि मला धडकी भरली, की आता हे तिलाही जमिनीचं विचारणार. पण त्यांनी डाव्या हाताने उजवा हात धरला आणि खाली घेतला.

“नको,” ते म्हणाले. “घरी नेतो.”

“नक्की ना?”

“नक्की.”

एवढंच. बाहेर येऊन त्यांनी काकूंना सांगितलं. काकूंनी एकदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. कारण विचारलं नाही. “बरं,” म्हणाल्या. “आता रात्री भाजी कसली, तेबी तुमीच ठरवा.” काका म्हणाले, “एका दिवसात किती?” आणि आम्ही तिघं त्या फिनेलच्या वासात वेड्यासारखे हसलो.

बरोबर होतं का ते? मला माहीत नाही. त्या डॉक्टर मुलीला तरी माहीत होतं का, मला शंका आहे.

दिवाळी काकूंनी घरीच पाहिली. तानाजीने सगळा उतार कापला, वरून खाली, खालून वर, काकांनी शिकवल्याप्रमाणे. आणि खिडकीतून काकूंनी त्याला दोनदा झापलं, सीताफळाच्या फार जवळून जातो म्हणून. पुढे त्यांना ताप येऊ लागला. संध्याकाळी मी डोकावत असे. काका पलंगाशी बसलेले, उजवा तळहात काकूंच्या कपाळावर, सपाट. मी दारातूनच विचारायचे, “उतार आहे का?” पहिले काही दिवस ते विचारायचे, “आतला की बाहेरचा?” मग विचारेनासे झाले. एक दिवस हात तसाच कपाळावर ठेवून म्हणाले, “नाही हो. आज सगळा चढच आहे.”

दोन दिवसांनी काकू गेल्या. खिडकी उघडी होती.

तेराव्यानंतर काका पहिल्यांदा घराबाहेर पडले ते थेट माझ्याकडे आले. चहा घेतला नाही. विचारलं, “बरोबर ठरवलं ना मी?” मी म्हटलं, “हो काका.” ते मान हलवून गेले. दुसऱ्या दिवशी परत आले. भाजीच्या गाडीवर, जिन्यात, सभेनंतर सतरंजी गुंडाळताना, तोच प्रश्न. मी प्रत्येक वेळी हो म्हणायचे, आणि प्रत्येक वेळी ते हो थोडं पातळ व्हायचं. त्यांनाही ते कळत असणार. नोकरीत त्यांच्या तक्त्यावर वरच्यांची सही यायची आणि प्रश्न मिटायचा. या सहीवर कोण सही करणार?

मग लेक त्यांना करंजाड्याला आपल्या घरी घेऊन गेली. जाताना त्यांनी किल्ली माझ्याकडे दिली आणि तानाजीला खुणेनेच, तळहात उभा धरून, उभं कापायची आठवण केली. लेकीच्या घरापुढे म्हणे सगळं सपाट आहे.

मधूनमधून फोन येतो. परवाही आला. मी मागच्या अंगाला उभी होते, तानाजी ट्रॅक्टर घेऊन वर चढत होता.

“गवत वाढलं असेल,” ते म्हणाले.

“कापतोय तानाजी, आत्ताच.”

“उभंच ना?”

“उभंच. आणि सीताफळाला फुलं आलीत.”

“आली?” ते म्हणाले. मग विचारलं, “बरोबर ठरवलं ना मी?”

मी घाईघाईने म्हटलं, “अगदी बरोबर काका. मस्त चालतोय ट्रॅक्टर. एकदाही उलटला नाही.”

मग ते म्हणाले, “ट्रॅक्टरचं नव्हतो विचारत मी.”

तानाजी वरच्या टोकाला वळून खाली यायला लागला होता. मशीनचा आवाज वाढत होता. मी फोन कानाला तसाच धरून म्हटलं, “काय काका? काही ऐकू येत नाहीये इथे.”